रूट कॅनलची सुई आणि तिला खाणारे पाणी

ज्यांनी या देशात मुले वाढवली, त्यांच्या स्वयंपाकघरात मिल्टनची बाटली कधी ना कधी येऊन गेलेली असणार. बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि बुचे त्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि थोड्या वेळाने काढायची. त्या बाटलीबरोबर एक सूचना येते, तिच्याकडे तुमचे लक्ष गेले होते का? धातूच्या वस्तू या द्रावणात ठेवू नका. भारतातून आजीने हौसेने पाठवलेले चांदीचे बोंडले ज्यांनी त्यात टाकले असेल, त्यांना या सूचनेचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला असेल. माझी मात्र सारी नोकरी या एका ओळीवर झाली. धातूंचे क्षरण, साध्या भाषेत गंज, हा माझा विषय. याच विषयात डॉक्टरेट केली आणि पुढे तोच शिकवला.

मिल्टनमधले मुख्य द्रव्य म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. तुमचा दंतवैद्य रूट कॅनल करताना दाताच्या आत पिचकारीने जे पाणी सोडतो, त्यातही बहुधा तेच असते, आणि पुष्कळदा मिल्टनपेक्षा जास्त तीव्रतेचे. त्याच्या दुसऱ्या हातात असते एक केसासारखी बारीक सुई. तिला फाइल म्हणतात. ती धातूची असते. म्हणजे बाळाच्या बाटलीच्या बाबतीत जे करू नका म्हणून सांगितलेले आहे, तेच दातांच्या दवाखान्यात रोज करावे लागते. ही अडचण कशी उभी राहिली आणि ती सोडवायला कुणी काय काय केले, त्याची ही हकीकत. मी दंतवैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मंडळाच्या कार्यक्रमात मला दाढ दाखवायला येऊ नये.

गंज म्हणजे काय, हे मराठी स्वयंपाकघराला चांगले ठाऊक होते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. (‘कळकणे’ हा शब्द तरुण वाचकांनी घरातल्या मोठ्यांना विचारावा. इंग्रजीत त्यासाठी असा एकच सुटसुटीत शब्द मला आजवर सापडलेला नाही.) लोणचे चिनी मातीच्या बरणीत भरायचे, कारण आंबट आणि मीठ एकत्र आले की धातू टिकत नाही. मिठातला क्लोराइड हा आमच्या धंद्यातला सराईत गुन्हेगार आहे. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर धातू गंजतो तेव्हा त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन दुसरे कुणीतरी काढून घेत असते. आणि हायपोक्लोराइट जंतूला मारते तेही याच मार्गाने. जंतूच्या प्रथिनांमधून ते इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्याची घडी विस्कटून टाकते. मारणे आणि गंजवणे ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत. जंतूपाशी काम संपले म्हणून पोलादापाशी थांबावे, एवढी समज रेणूला नसते. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

सुरुवात मात्र जंतूंपासून झाली नाही, किड्यापासून झाली. दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो, ही समजूत बाबिलोनइतकी जुनी आहे. आपण आजही ‘दात किडला’ म्हणतो, त्यात ती समजूत जशीच्या तशी बसून राहिली आहे. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ मध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. असा किडा आपल्याला कधी दिसला नाही, असे त्याने सांगितले. पण दाताच्या आतली दुखरी नस काढायची कशी? तिथपर्यंत पोचेल असे हत्यार हवे होते. त्याचे श्रेय अमेरिकेतल्या एडवर्ड मेनार्डला देतात. १८३८ मध्ये त्याने घड्याळाची स्प्रिंग घासून घासून दाताच्या नळीत जाईल अशी सुई तयार केली. हा माणूस वॉशिंग्टनमध्ये दात पाहायचा आणि उरलेल्या वेळात बंदुकांचे शोध लावायचा. त्याच्या नावाची बंदूक अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरली गेली. घड्याळाची स्प्रिंग म्हणजे साधे कार्बन पोलाद. लवचीक आणि टणक असते, धार छान धरते आणि ओल लागली की गंजते.

त्या काळी कुणी ही सुई जंतुनाशकात बुडवत नसे, त्यामुळे तक्रारही नव्हती.

जंतुनाशक पाण्याचा उगम अगदी वेगळ्या गल्लीत झाला. स्वीडनमधल्या शेलेने १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. १७८० च्या दशकात बेर्तोलेने पॅरिसजवळच्या जावेल या ठिकाणी त्यापासून कापड पांढरे करणारे पाणी बनवले. मग आला लाबारक हा पॅरिसचा औषधविक्या. जनावरांच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा वगैरे बनवणारे कारखाने त्या शहरात होते आणि त्यांची दुर्गंधी असह्य असे. ती घालवण्याच्या उपायासाठी बक्षीस लावले होते. लाबारकने १८२० च्या सुमारास क्लोरीनच्या पाण्याने ते काम करून दाखवले. रोग जंतूंमुळे होतो हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, केवळ घाण वास मारायचा म्हणून हे पाणी रुग्णालयांत आणि शवागारांत शिरले. १८४७ मध्ये व्हिएन्नात झेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. तो प्रामुख्याने हात धुवत होता. हात गंजत नाहीत, फार तर सोलवटतात.

अडचण खऱ्या अर्थाने सुरू झाली ती जंतू सापडल्यावर. रॉबर्ट कोखने १८८१ मध्ये जंतुनाशकांची पद्धतशीर परीक्षा घेतली. त्या परीक्षेत मर्क्युरिक क्लोराइड फार वरचे ठरले. हे आपल्या रसकापुराच्या कुळातले द्रव्य. हजार भाग पाण्यात एक भाग घातले तरी काम करणारे. पण त्याचे जुने इंग्रजी नावच ‘करोझिव्ह सब्लिमेट’. पोलादी चाकू त्यात बुडवला तर लोखंड विरघळते आणि पारा पृष्ठभागावर येऊन बसतो. शस्त्रवैद्यांनी ते हातांसाठी आणि जखमांसाठी ठेवले. हत्यारांसाठी दुसरी वाट शोधली गेली. बर्लिनच्या कुर्ट शिमेलबुशने १८९० च्या सुमारास सांगितले की हत्यारे नुसत्या पाण्यात उकळू नका, त्यात शेकडा एक या प्रमाणात धुण्याचा सोडा घाला. सोड्यामुळे जंतू लवकर मरतात आणि पाणी अल्कधर्मी झाल्याने पोलाद गंजत नाही. एका चिमटीत दोन्ही कामे! या विषयात माझ्या डोळ्यांसमोर जेवढे उपाय आले, त्यांत इतका स्वस्त आणि इतका देखणा दुसरा नाही. सोपा होता म्हणूनच बहुधा त्याचे नाव आज कुणी घेत नाही.

उकळलेली सुई स्वच्छ झाली, पण दाताच्या आतल्या नळीचे काय? दात काही उकळता येत नाही.

याचे उत्तर रणभूमीवरून आले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमा सडून हजारो सैनिक मरत होते. इंग्लंडमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि नोबेल मिळवलेला फ्रेंच शस्त्रवैद्य अलेक्सी कारेल यांनी १९१५ मध्ये कॉम्पियेन्यच्या युद्ध-रुग्णालयात हायपोक्लोराइट पुन्हा हाती घेतले. जुने द्रावण कातडी भाजत असे. डेकिनने त्याचा दाहकपणा आवरला आणि प्रमाण शेकडा अर्ध्यावर आणले. जखमेत ठरावीक वेळाने ते सोडायची पद्धत कारेलने बसवली. त्या साधनाची चित्रे मी पाहिली आहेत. वर काचेचे भांडे, खाली रबरी नळ्या, त्यांना जोडणाऱ्या काचेच्या नळ्या. द्रावणाच्या वाटेत धातू जवळजवळ कुठेच नाही. माझ्यासारख्याला ते चित्र फार बोलके वाटते.

दंतवैद्यांना या पाण्याचे आकर्षण वाटले ते निराळ्या गुणासाठी. हायपोक्लोराइट मेलेले मांस विरघळवते. नळीच्या ज्या आडवळणांत सुई पोचत नाही, तिथली कुजलेली नस हे पाणी खाऊन टाकते. अमेरिकेत वॉकर यांनी १९३६ मध्ये दाताच्या नळ्यांसाठी त्याची शिफारस केली. १९४१ मध्ये फिलाडेल्फियाचे लुई ग्रॉसमन आणि त्यांचे सहकारी मायमन यांनी निरनिराळी द्रावणे तपासून मांस विरघळवण्यात हेच वरचढ असल्याचे दाखवले. तेव्हापासून आजतागायत या पाण्याची जागा कुणी घेऊ शकलेले नाही. शेकडा अर्ध्यापासून पाच-सहापर्यंत ज्याच्या त्याच्या पसंतीच्या तीव्रतेने ते वापरतात. आता काचेच्या नळीची पळवाट बंद झाली. या पाण्याने भरलेल्या अरुंद बोगद्यात धातूची सुई घालून फिरवणे भाग होते.

मग गंज न धरणारे पोलाद का वापरले नाही? ते तर केव्हाच निघाले होते. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना क्रोमियम घातलेले पोलाद ओतले. ते पटकन गंजत नाही हे त्याच्या ध्यानात आले. शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव. सुऱ्या बनवणाऱ्या अर्नेस्ट स्टुअर्टने व्हिनेगर लावून पाहिले आणि ‘स्टेनलेस’ हे नाव दिले. आपल्या आयांनी जुनी पितळी भांडी मोडीत घालून जे स्टील हौसेने घरात आणले, ते याच घराण्यातले. पण दाताच्या फाइली मात्र १९६० च्या आसपासपर्यंत मुख्यतः कार्बन पोलादाच्याच राहिल्या. त्याची धार दंतवैद्यांच्या हाताला पटलेली होती, हे एक कारण. शिवाय ज्याने त्याने आपल्या मापाने फाइली कराव्यात असा कारभार होता. इंगल आणि लिवाइन यांनी १९५८ मध्ये मापे ठरवून देण्याची मागणी केली. पुढे मापांची एकवाक्यता आणि स्टेनलेस पोलाद या दोन्ही गोष्टी जवळपास बरोबरीने आल्या.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारे, असा समज घरोघरी आहे. ते तितकेसे खरे नाही. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या आडोशाला पोलाद सुरक्षित राहते. ओरखडा उठला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पापुद्रा पुन्हा सांधतो. पण क्लोराइड आला की तो पापुद्र्याला एखाद्या ठिकाणी भोक पाडतो. मग गंज सगळीकडे न पसरता त्याच भोकातून खोल खोल जातो. वरून भांडे लखलखीत दिसते आणि आत टाचणीएवढा खड्डा पडलेला असतो. मिठाचे पाणी रात्रभर स्टीलच्या डब्यात ठेवणाऱ्यांनी असे बारीक ठिपके पाहिले असतील. हायपोक्लोराइटच्या द्रावणात क्लोराइड असतोच, मिल्टनमध्ये तर मीठ भरपूर असते.

आता थोडा हिशेब करू. फाइलींचे क्रमांक टोकाच्या जाडीवरून ठरतात. १० क्रमांकाच्या फाइलीचे टोक ०.१० मिलिमीटर, ६ क्रमांकाचे ०.०६ मिलिमीटर. एक शतांश मिलिमीटर खोल खड्डा स्वयंपाकाच्या पातेल्याला पडला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. १० क्रमांकाच्या टोकाला तो पडला तर जाडीचा दहावा हिस्सा गेला. आणि तडा नेहमी अशाच ठिकाणाहून सुरू होतो.

नंतर आला आणखी एक नवा धातू, तोही युद्धसामग्रीच्या मागच्या दाराने. अमेरिकेच्या नौदलाची एक प्रयोगशाळा मेरीलँडमधल्या व्हाइट ओक येथे होती. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधताना विल्यम ब्यूलर यांना १९५० च्या दशकाच्या शेवटी निकेल आणि टायटॅनियमचा एक चमत्कारिक मिश्रधातू सापडला. वाकवा, सोडा, पुन्हा सरळ. एका बैठकीत घड्या घातलेली त्याची पट्टी हातोहात फिरत होती. कुणीतरी पाइप पेटवायचा लायटर तिच्याखाली धरला, आणि पट्टी आपोआप उलगडली. दात सरळ करणाऱ्या तारांमध्ये हा धातू आधी आला. मग १९८८ मध्ये मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठातून हरमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच तारेपासून रूट कॅनलच्या फाइली घडवून दाखवल्या. स्टेनलेसपेक्षा त्या दोन-तीन पट लवचीक निघाल्या. वाकड्या मुळांच्या दाढा आता यंत्राला जोडलेल्या फाइलीने साफ करता येऊ लागल्या.

या धातूला टायटॅनियमच्या ऑक्साइडचे कवच असते, आणि ते क्रोमियमच्या पापुद्र्यापेक्षा बळकट. तरी हायपोक्लोराइटमध्ये फार वेळ ठेवले तर पाणी त्यातले निकेल वेचून बाहेर काढते आणि बारीक खड्डे राहतात. मेलबर्नमध्ये २००३ साली झालेल्या एका अभ्यासात शेकडा एक तीव्रतेच्या द्रावणात थोडा थोडा वेळ केलेल्या दहा धुलायांनी फाइलींच्या ताकदीत फरक पडला नाही. रात्रभर बुडवलेल्या फाइली मात्र गंजल्या. २००६ मध्ये तुरीनच्या संशोधकांनी केलेली तपासणी मला जास्त आवडते, कारण तिच्यात आमच्या शास्त्राचा एक जुना नियम अचूक पकडला आहे. त्यांनी काही फाइली ५ टक्के द्रावणात, ५० अंश सेल्सिअसला, ५ मिनिटे फक्त पात्यापुरत्या बुडवल्या आणि काही दांड्यासकट. दांड्यासकट बुडवलेल्या फाइली लवकर मोडल्या. दांडा दुसऱ्या धातूचा असतो. दोन निराळे धातू एकाच खारट पाण्यात उभे केले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्यातला एक खर्ची पडतो. व्होल्टाने १८०० मध्ये जे दाखवले, तेच दंतवैद्याच्या वाटीत घडत होते.

अतिशयोक्ती करायची नाही म्हणून सांगतो. फाइली मोडतात त्या मुख्यतः थकव्याने. वाकड्या नळीत मिनिटाला तीनशे फेरे घेणारी सुई प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणली आणि एकदा दाबली जाते. गंज हा या गुन्ह्यातला साथीदार आहे, म्होरक्या नाही. माझ्या स्वतःच्या एका दाढेत १९८० च्या दशकापासून फाइलीचा सुमारे तीन मिलिमीटरचा तुकडा मुक्कामाला आहे. पुण्यातल्या ज्या डॉक्टरांच्या हातून तो राहिला, त्यांनी लगेच आरसा माझ्या हातात देऊन सांगितले, “सर, टोक आत राहिलंय. काढायला गेलो तर दाढ जाईल. नळी साफ झालेली आहे, राहू दे.” राहू दिला. तो गंजाने मोडला की वळणाने, हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो बाहेर येण्याची मला मुळीच घाई नाही.

आपल्या या देशात या प्रकरणाला एक अनपेक्षित वळण मिळाले. मार्च १९९६ मध्ये सरकारने जाहीर केले की गाईंच्या मेंदूच्या रोगाशी माणसांतल्या एका नव्या जीवघेण्या रोगाचा संबंध असावा. त्या दिवसांत शाळांच्या डब्यातून बर्गर गायब झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. या रोगाचे कारण प्रायॉन नावाचे बिघडलेले प्रथिन. ते उकळून मरत नाही, नेहमीच्या जंतुनाशकांनीही नाही. त्यावर चालणाऱ्या मोजक्या उपायांत जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले ते काय? हायपोक्लोराइट, २ टक्के मुक्त क्लोरीन, एक तास. किंवा तीव्र कॉस्टिक सोडा. म्हणजे पुन्हा तेच पाणी, आणि इतके कडक की बारीक हत्यारांची त्यात वाट लागावी. त्याच वर्षी वाइसमन यांच्या गटाने बारीक पोलादी तारांवर प्रायॉन घट्ट चिकटून राहतो, हेही दाखवले. फाइल म्हणजे तरी काय, खाचा पाडलेली पोलादी तारच.

इतकी वर्षे चाललेली घासाघीस इथे तुटली. जे पाणी प्रायॉन मारेल ते फाइल खाणार, आणि जे फाइल राखेल ते प्रायॉन सोडून देणार. दातांच्या उपचारातून हा रोग लागल्याचे एकही सिद्ध उदाहरण नव्हते. तरीही सावधगिरी म्हणून एप्रिल २००७ मध्ये इंग्लंडच्या मुख्य दंत अधिकाऱ्यांनी सूचना काढली की रूट कॅनलच्या फाइली एकाच रुग्णासाठी वापरून टाकून द्याव्यात. एनएचएसच्या दवाखान्यांना हा खर्च जड गेला. मला मात्र वेगळेच वाटले. गंजू नये म्हणून ज्या धातूंवर इतक्या पिढ्यांनी डोके झिजवले, त्यांचे आयुष्य इथे एका दाढेपुरते उरले.

भारतात असा सरसकट नियम नाही आणि बहुतेक ठिकाणी फाइली शुद्ध करून पुन्हा वापरतात. जगातही अनेक देशांत तेच चालते. खर्चाचा विचार केला तर त्यात आश्चर्य नाही, आणि ऑटोक्लेव्ह नीट चालवणारा दवाखाना जंतूंच्या बाबतीत निर्धास्त असतो. प्रश्न उरतो तो धातूच्या थकव्याचा.

आपल्यातले पुष्कळ जण इथल्या दंतवैद्यांची प्रतीक्षा यादी पाहून डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला दात करून घेतात. ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, तिथले हात फार कसबी आहेत. खुर्चीत बसण्याआधी दोन गोष्टी विचारा. यंत्राची फाइल किती दातांनंतर टाकता? आणि वापरलेल्या फाइली हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवता, की लगेच धुऊन कोरड्या करता? पहिल्याला आकडा मिळाला आणि दुसऱ्याला “लगेच धुतो” असे उत्तर मिळाले, तर निश्चिंतपणे तोंड उघडा. नवी फाइल हवी असेल तर तसे सांगा आणि तिचे पैसे द्या, बहुतेक डॉक्टर आनंदाने तयार होतात. टेबलावरच्या वाटीत कालच्या फाइली पाण्यात दांड्यासकट पडलेल्या दिसल्या, तर मात्र तुरीनची गोष्ट आठवा आणि भिडेखातर गप्प बसू नका.